मुदत उलटलेल्या उधारीच्या तारखा आपोआप लाल करा

सोलापुरी चादरी व टॉवेल उधारीवर विकणाऱ्या व्यापाऱ्याला लांबलचक यादीतून मुदत उलटलेली बिले रोज नजरेने शोधावी लागतात, आणि त्यात एखादे हमखास निसटते. यासाठी गूगल शीट्समध्ये देय तारखांचा रकाना निवडून ‘फॉरमॅट’ मेनूतील ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ उघडावे, अटींमधून ‘डेट इज बिफोर’ व त्याखाली ‘टुडे’ निवडावे आणि लाल रंग देऊन ‘डन’ दाबावे. ‘टुडे’ रोज आपोआप पुढे सरकत असल्याने नियम पुन्हा लावावा लागत नाही, आणि माझ्या मते हाच याचा मोठा लाभ आहे. रक्कम जमा होताच ती ओळ दुसऱ्या शीटवर हलवावी. मात्र एखादी तारीख चौकटीत डावीकडे सरकलेली दिसल्यास ती बहुधा साधा मजकूर म्हणून नोंदली गेलेली असते. अशा तारखेला रंग लागत नाही, म्हणून ती पुन्हा टंकावी.