विजेच्या गाड्यांच्या रविवारच्या मेळाव्याला जाताना

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात हिरव्या नंबरपाटीची मोटार दिसली की लोक थांबून बघत, ते दिवस आता मागे पडले आहेत. अशा गाड्यांचे मालक शनिवार-रविवारी एखाद्या हॉटेलच्या आवारात, मंगल कार्यालयात किंवा कोणाच्या शेतातल्या घरी एकत्र जमतात. पहिल्यांदा जाणाऱ्याची बहुधा अशी समजूत असते की तेथे गाड्यांचे प्रदर्शन असेल, नवी मॉडेले ओळीने उभी असतील आणि फोटो काढून आपण घरी येऊ. फोटो निघतातच, पण दिवसाचा मोठा भाग जातो तो युनिट, किलोमीटर आणि टक्के यांच्या हिशेबात. त्यामुळे जो स्वतःच्या गाडीचे आकडे घेऊन येतो त्याला तेथे काही मिळते, आणि जो नुसता उत्साह घेऊन येतो तो चहा पिऊन परततो.

तयारीची सुरुवात म्हणून मेळाव्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत आपली गाडी एका युनिटमध्ये, म्हणजे एक हजार वॅट-तास विजेत, किती किलोमीटर जाते, याची नोंद ठेवावी. गाडीच्या पडद्यावर हा आकडा बहुतेक वेळा एका किलोमीटरला किती वॅट-तास खर्च झाले, या स्वरूपात दिसतो. एक हजाराला त्या आकड्याने भागले की युनिटमागचे किलोमीटर मिळतात. पडद्यावर १४० दिसत असेल तर गाडी युनिटमागे सात किलोमीटरांच्या आसपास जाते, असे समजावे. टिळकवाडी ते कॅम्प अशा शहरातल्या फेऱ्यांचा आकडा वेगळा लिहावा आणि महामार्गावरचा वेगळा, कारण विजेच्या गाडीचे गणित पेट्रोलच्या उलट असते: ती गावात काटकसरीने चालते आणि मोकळ्या रस्त्यावर वेगाने पळवली की खर्चिक होते. कंपनीने छापलेल्या रेंजवर, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणाऱ्या अंतरावर, प्रवास आखू नये. ३०.२ युनिट बॅटरीच्या टाटाच्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती. महामार्गावर दोनशेच्या आसपास मिळते, हे ती गाडी वापरणारा कोणीही सांगेल.

ज्यांनी अद्याप गाडी घेतलेली नाही, त्यांनीही अवश्य जावे. किंबहुना अशा मेळाव्याचा सर्वाधिक उपयोग त्यांनाच होतो. मात्र आपले रोजचे चालणे किती, गाडी उभी राहते तेथून विजेचा मीटर किती अंतरावर आहे, महिन्यातून किती वेळा पुण्याला किंवा हुबळीला जावे लागते, एवढी उत्तरे घरून तयार करून न्यावीत. शोरूममधला विक्रेता हे प्रश्न क्वचितच विचारतो, आणि मेळाव्यातला अनुभवी मालक पहिल्यांदा हेच विचारतो.

रस्ता आणि घाट

मेळावा बेळगाव शहरात असेल आणि आपण निपाणीहून येत असाल, तर जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरांच्या आसपास पडतात. आजच्या मध्यम आकाराच्या गाडीला एवढ्यासाठी वाटेत चार्जिंगची गरज नसते. कोल्हापूरहून येणाऱ्याचे अंतर एका बाजूला सुमारे ११० किलोमीटर होते. त्याला हिशेब मांडावा लागतो, आणि तो कसा मांडायचा हे पुढे सांगितले आहे. महामार्गावरचे तवंदी आणि वंटमुरी हे दोन्ही घाट चढणीने नव्हे, तर वेगाने बॅटरी खातात. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. कोगनोळी किंवा हत्तरगीच्या टोलनाक्यावर जी दहा मिनिटे वाचवल्यासारखी वाटतात, ती पुढे चार्जरपाशी अर्धा तास होऊन वसूल होतात.

आंबोली किंवा चोर्ल्याकडे जायचे ठरले की नवखे मालक घाटाला घाबरतात. ही भीती आकड्यांनी सहज जाते. माणसांसह १७०० किलो वजनाची गाडी ६०० मीटर उंच चढवायला, वाटेतली तूट धरून, सव्वातीन युनिटांच्या आसपास वीज जास्तीची लागते. सावंतवाडीहून आंबोलीला वर येण्याचा हा साधारण खर्च. तीस युनिटांच्या बॅटरीत तो अकरा टक्क्यांच्या आसपास बसतो. उतरताना त्यातला बराचसा भाग रीजेनमुळे परत मिळतो, म्हणजे चाकेच मोटर फिरवून बॅटरीत वीज भरतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते. मग रीजेन लागत नाही, गाडी नेहमीसारखी आपोआप आवरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर मुक्काम करून सकाळी कोकणात उतरायचे असेल, तर रात्री ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे. बेळगावहून शिनोळीमार्गे आंबोलीला जाणाऱ्याला मात्र हे बंधन नाही. शहर आणि घाटमाथा यांच्या उंचीत फारसा फरक नसल्याने वाटेत ती बॅटरी हवी तेवढी रिकामी होतेच.

जांबोटी, कणकुंबी या बाजूला मोबाइलची रेंज भरवशाची नसते. चार्जरचे अ‍ॅप, त्यातले पैसे आणि रस्त्याचा नकाशा हे सारे बेळगाव सोडण्यापूर्वी तपासून घ्यावे. प्रत्येक कंपनीचे अ‍ॅप निराळे असते, हा या गाड्यांच्या जगातला खरा जाच आहे, आणि त्यावर मेळाव्यात हमखास अर्धा तास चर्चा होते.

टायरमधील हवा चालकाच्या दाराशी लावलेल्या तक्त्याप्रमाणे भरून घ्यावी. घरचा तीन पिनांचा चार्जर डिकीत ठेवावा आणि आपल्या गाडीला स्टेपनी आहे की केवळ पंक्चरचे किट, हे निघण्याआधी बघावे. अनेकांना ते वाटेत कळते.

ठिकाणावरचे चार्जिंग

मेळावा बिघडतो तो बहुतेक वेळा येथेच, म्हणून याविषयी सविस्तर.

कोल्हापूरच्या गाडीचे उदाहरण घेऊ. बॅटरी तीस युनिटांची, युनिटमागे सात किलोमीटर, निघताना शंभर टक्के. कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळजवळ दोनशे मीटर उंचावर आहे, त्याचे एक युनिट धरले तर येताना सतरा युनिटे खर्च होतात आणि गाडी ४३-४४ टक्क्यांवर पोहोचते. परतीला उतार असल्यामुळे साधारण पन्नास टक्के लागतील. घरी पोहोचताना पंधरा टक्के शिल्लक असावे, अशी सावधगिरी धरली तर निघताना पासष्ट टक्के हवेत. म्हणजे तूट एकवीस-बावीस टक्क्यांची, सहा-साडेसहा युनिटांची आहे. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला अडीच-तीन युनिटे बॅटरीत जातात, म्हणून या गाडीला सव्वादोन ते अडीच तास पुरेत. तिने सकाळी दहाला वायर लावून संध्याकाळी पाचपर्यंत पॉइंट अडवून ठेवण्याचे काही कारण नाही. प्रत्येकाने असा हिशेब केला तर तीन पॉइंटांवर दिवसभरात आठ-नऊ गाड्यांचे भागते, आणि कोणीच केला नाही तर तीन गाड्या शंभर टक्के होतात व बाकीचे यजमानाच्या तोंडाकडे बघत बसतात.

आपण ठरवलेला टक्का आणि फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून ती काचेच्या आत, बाहेरून वाचता येईल अशी ठेवावी. दुसऱ्याच्या गाडीची गन, म्हणजे चार्जिंगच्या वायरचे गाडीत लावायचे टोक, त्याला न विचारता काढू नये, मग आपली बॅटरी कितीही कमी असो. महामार्गावरच्या जलद चार्जरवर रांग असेल तर ऐंशी टक्क्यांना उठावे. त्यापुढे चार्जिंग मुद्दाम मंद केलेले असते, आणि शेवटच्या वीस टक्क्यांसाठी मागच्या माणसाला ताटकळत ठेवणे असभ्यपणाचे आहे.

यजमानपद आपल्याकडे असेल तर आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मंगल कार्यालयात १५ अँपिअरचे पॉइंट असतात, पण ते अनेकदा स्वयंपाकघरातल्या ग्राइंडरसाठी एकाच फेजवर जोडलेले असतात. एकेक गाडी सुमारे तीन किलोवॅट ओढते. एकाच फेजवर तीन गाड्या लागल्या की एमसीबी, म्हणजे जादा भार आल्यावर वीज तोडणारा स्विच, पडतो, आणि नेमका जेवणाच्या वेळी पडतो. गाड्या तिन्ही फेजवर वाटून घ्याव्यात आणि प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी असावा. दुसरी तपासणी अर्थिंगची. मल्टिमीटरचे एक टोक न्यूट्रलला आणि दुसरे अर्थला लावले की दोन-तीन व्होल्टच दिसायला हवेत. तेथे पंचवीस-तीस दिसले तर बरेच चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंगच नाकारतात; मालकाला वाटते गाडी बिघडली, आणि दोष असतो आवारातल्या कोरड्या पडलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात. त्यात पाणी ओतून पाहावे. पुष्कळदा आकडा डोळ्यांदेखत खाली येतो. पण हा तेवढ्या दिवसापुरता उपाय आहे.

एक्स्टेन्शन बोर्ड शक्यतो टाळावा. नाइलाज असेल तर तांब्याची, निदान २.५ चौरस मिलिमीटर जाडीची वायर घ्यावी आणि ती रिळावरून पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर तापते. चार्जरचा चौकोनी डबा नुसत्या प्लगच्या आधाराने लोंबकळत ठेवला तर त्याच्या वजनाने पिन सैल होते आणि सॉकेटच्या तोंडाशी काळसर डाग पडू लागतो. तो डबा खिळ्याला अडकवावा किंवा स्टुलावर ठेवावा. चार्जिंग सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी प्लगला हात लावून पाहावा. कोमट असेल तर चालेल, हात ठेववत नसेल तर तत्काळ बंद करावे. काही गाड्यांत विजेचा ओढा दहा अँपिअरपर्यंत कमी करता येतो, जुन्या वायरिंगच्या घरी त्याचा उपयोग करावा. जून ते सप्टेंबर या काळात प्लग आणि डबा छपराखाली राहतील एवढे बघितले म्हणजे झाले. गाडीकडची गन पावसात भिजली तरी ती त्यासाठीच बनवलेली असते.

वापरलेल्या विजेचे पैसे यजमानाने मागण्याची वाट पाहू नये. कार्यालयाचे बिल व्यावसायिक दराने येते, हे ध्यानात घेऊन युनिटमागे ठरेल ती रक्कम निघण्यापूर्वी द्यावी.

बोलणे, विचारणे, चालवून पाहणे

दुसऱ्या गाडीच्या मालकाला ‘कशी आहे गाडी’ असे विचारले तर ‘एकदम झकास’ असेच उत्तर येते. त्याऐवजी किती किलोमीटर झाले, टायर कधी बदलले, विम्याचा हप्ता पहिल्या वर्षीपेक्षा किती कमी झाला, सर्व्हिससाठी गाडी किती दिवस अडकली, असे विचारावे. बॅटरीची जातही विचारावी. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी कंपनीच्या सूचनेप्रमाणे अधूनमधून शंभर टक्के भरावी लागते, नाहीतर पडद्यावरचा टक्का चुकू लागतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी रोजच्या वापरात ऐंशी-नव्वदवर ठेवलेली बरी. आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर अशी वॉरंटी अनेक गाड्यांना आहे, पण बॅटरीची क्षमता किती घटली म्हणजे ती लागू होते, हा तपशील कागदावर वाचलेला माणूस मेळाव्यात एखादाच भेटतो. तो भेटला तर त्याच्या शेजारी बसावे.

पहिल्याच भेटीत कोणाच्या गाडीची किल्ली मागू नये. शेजारच्या सीटवर बसून एक फेरी मारली तरी रीजेन किती जोराने ओढते, सस्पेन्शन खड्ड्यात कसे वागते, हे कळते. मालकाने आपण होऊन चालवायला दिली तर परवाना जवळ असावा. ठोकर बसली तर नुकसानभरपाई त्याच्या विम्यातून जाते आणि नो क्लेम बोनस त्याचाच बुडतो, याची जाणीव ठेवावी.

केए-२२, केए-२३, एमएच-०९ आणि गोव्याच्या पाट्या शेजारीशेजारी लागल्या की नोंदणीचा प्रश्न निघतोच: कर कमी म्हणून पलीकडच्या राज्यात गाडी घेतली तर चालते का? मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या गाडीची नोंदणी तेथे करून घ्यावी लागते. राहायला बेळगावच्या वडगावात आणि पाटी कायमची कोल्हापूरची, हे त्यात बसत नाही. त्यापुढचा सीमाप्रश्न त्या दिवशी डिकीत बंद ठेवावा. मराठी, कन्नड आणि हिंदी यांच्या मिसळीत गप्पा चालतात, आणि हेस्कॉमची वीज गेली की तिन्ही भाषांत एकच विषय असतो.

मुले बरोबर असतील तर वायरींपासून दूर बसण्याची जागा आधी विचारून घ्यावी. यजमानाला माणसांची संख्या दोन दिवस आधी कळवावी. कुंदा, म्हणजे बेळगावची प्रसिद्ध मिठाई, पाहुण्यांनीच आणावा की यजमानाने, यावर या भागात एकमत होण्याची शक्यता नाही, म्हणून तो प्रश्न मी सोडून देतो.

परतताना ठरवलेला टक्का झाला की गन काढून पॉइंट पुढच्याला द्यावा आणि गाडी दुसरीकडे लावावी, निघायला तासभर अवकाश असला तरीही. वाटेतला एक चार्जर मुख्य आणि एक पर्यायी असे दोन डोक्यात ठेवावेत, आणि पर्यायी चार्जरपर्यंत पोहोचण्याइतकी बॅटरी असतानाच मुख्य चार्जरकडे वळावे, कारण रविवारी संध्याकाळी तो बंद किंवा व्यापलेला असण्याची शक्यता अधिक असते.