घर दाखवायला एकट्याने निघू नका: कोकणातल्या एजंटांच्या नेहमीच्या चुका

घर रिकामं असतं. मालक मुंबईला. वाडीत बाकीच्या घरांनाही कुलपं, आणि बरोबर जी पार्टी, म्हणजे घर बघायला आलेलं गिऱ्हाईक, असते तिचं पूर्ण नावसुद्धा ठाऊक नसतं. कोकणात घरं दाखवायचं काम हे असं चालतं. तरी दापोली-गुहागर पट्ट्यात या धंद्यात नव्याने उतरलेली मुलं-मुली पहिल्याच फोनवर "या, लगेच दाखवतो" म्हणून मोकळी होतात. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल ही एकच धास्ती असते आणि पुढच्या सगळ्या चुका तिच्यातूनच निघतात. ज्याला खरंच वीस-पंचवीस लाख घालायचे आहेत तो एक दिवस थांबतो. जो "आत्ताच्या आत्ता" म्हणतो, त्याला मी तरी कधीच आत्ता नेत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अनोळखी पार्टीच्या गाडीत बसून, एकट्याने, दिवस कलल्यावर बंद घरात जाणं. यातली एकेक गोष्ट निभावून जाते, पण घाईत तिन्ही एकदम होतात.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचंच सांगते. दुपारी फोन आला: पुण्याचे दोघं जण आहेत, समुद्राजवळ जुनं घर हवंय, रात्री परत निघायचंय. मी बाहेरगावी होते. तिने परस्पर हो म्हटलं, स्कूटर ऑफिसपाशी ठेवली आणि त्यांच्या गाडीत बसली. केळशीच्या बाजूला, पायऱ्यांची पाखाडी उतरून खाली एक घर होतं. पोहोचेपर्यंत ऊन आगरातून गेलेलं. कुलूप काढून ते तिने ओटीवर ठेवलं, किल्ली त्यातच. मग नेहमीच्या सवयीने आपण पुढे होऊन माजघरात शिरली. एकाने माळा बघायचाय म्हणून तिला जिन्यापाशी थांबवलं. दुसरा मागे राहिला होता. तेवढ्यात तिला पुढच्या दाराचा अडसर सरकल्याचा आवाज आला. जुना सागवानी अडसर भिंतीतल्या भोकातून ओढला की घरभर आवाज होतो. तो आवाज तिच्या अजून कानात आहे.

वाचली ती शेजारच्या आजींमुळे. वरच्या घरातल्या त्या म्हाताऱ्या बाईंना अनोळखी गाडी दिसली होती. त्या काठी टेकत खाली आल्या आणि अंगणातूनच "कोण हाय गं आत?" म्हणून दार ठोठवायला लागल्या. त्या काही केल्या हटेनात. शेवटी दार उघडलं, दोघं हसत बाहेर आले, "घर आवडलं नाही" म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले. तिची पर्स गाडीतच होती. ती नंतर रस्त्याकडेला सापडली, पैसे काढून घेतलेली. गाडीचा नंबर कोणीच बघितला नव्हता. ज्या नंबरवरून फोन आला होता तो बंद लागला. पोलिसांना सांगायला आमच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडचा रिवाज ठरलेला आहे. पार्टी आधी ऑफिसात येते. ऑफिस नसेल तर बाजारपेठेतल्या एखाद्या चार लोकांच्या दुकानापाशी भेटायचं. तिथे ओळखपत्राचा आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढायचा आणि तिच्या देखतच तो दुसऱ्याला पाठवायचा. नवीन मुलं म्हणतात, लोकांना राग येतो. येऊ दे. हॉटेलात खोली घेताना हेच लोक निमूट आधार कार्ड देतात. इथे राग येणाऱ्याला घर दाखवायचंच नाही. महारेराची, म्हणजे एजंटांची सरकारी, नोंदणी असेल तर आपला नोंदणी नंबर आपणच पुढे करावा, म्हणजे ओळख देणं दोन्हीकडून होतं.

गाडी आपली, किंवा ओळखीची रिक्षा. घरी पोहोचल्यावर कुलूप उघडलं की ते परत कोयंड्यातच अडकवून दाबून टाकायचं आणि किल्ली कमरेला. उघडं कुलूप आणि किल्ली ओटीवर राहिली तर बाहेरून कोणीही कडी घालून तुम्हाला कोंडू शकतो. मग मागचं परसदार उघडायचं, पार्टीला बोलवायच्या आधी. पुढे पार्टी, मागे आपण. खोली दाखवायची ती उंबऱ्याबाहेर उभं राहून: "हे माजघर, हे स्वयंपाकघर, बघून घ्या." माळ्यावर, न्हाणीत किंवा बळदात (धान्याच्या कोठीत) पार्टीबरोबर जायचं नाही. जुन्या घरांच्या चौकटी बुटक्या असतात. डोकं वाकवून आत शिरणाऱ्याला मागचं काही दिसत नाही, म्हणून तर पुढे जायचं नाही.

वेळेचं म्हणाल तर चारनंतर मी नवी पार्टी नेत नाही. पावसाळ्यात तीनच. संध्याकाळचा समुद्र दाखवायचा असेल तर तो दुसऱ्या भेटीत, ओळख पटल्यावर.

आता फोनचं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकलं की आपण सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. ते 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास चालतं, पण इंटरनेट असेल तरच. आपल्याकडे वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर, रेंजच्या चारही कांड्या असतात आणि खाडीकडे गाडी उतरली की एकही नाही. घरमालकाला आधी विचारून ठेवा की रेंज कुठे येते, आणि रेंज जायच्या आत ऑफिसला फोन करा: "आता उतरतोय, साडेचारला वर येऊन फोन करते." साडेचारला फोन आला नाही तर पावणेपाचला ऑफिसातून हालचाल सुरू झालीच पाहिजे. आमच्यात एक वाक्य ठरलेलं आहे. "असेसमेंटचा उतारा कपाटात आहे का बघ" असं कोणी फोनवर म्हणालं की पुढे काही न विचारता माणूस पाठवायचा.

112 हा नंबर आपल्या कंपनीची रेंज नसतानाही दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, म्हणून लावून बघायचाच. पण पोलिसांची गाडी तालुक्याहून वळणं घेत येईपर्यंत वेळ जातो. त्याआधी पोहोचतो तो गावातला माणूस. म्हणून प्रत्येक गावच्या पोलीस पाटलांचा नंबर फोनमध्ये हवा आणि त्यांना आपला चेहरा माहीत हवा. नवीन एजंटांपैकी फार थोड्यांकडे हा नंबर असतो. रील करायला मात्र सगळ्यांकडे वेळ असतो.

दुसरी चूक पार्टीकडून नव्हे, भाऊबंदांकडून अंगावर येते. मुंबईचा चाकरमानी फोनवर सांगतो, "घर माझंच आहे, घरपट्टी मीच भरतो." तुम्ही ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घरपट्टीचा उतारा, बघता, त्यावर त्याचं नाव असतं आणि तुम्ही निघता. पण घरपट्टी भरणं म्हणजे मालकी नव्हे. अर्धं घर चुलतभावाचं असतं, विहीर सामाईक असते, आणि चुलतभाऊ शेजारच्या पडवीत राहत असतो. त्याला विक्रीची बातमी कशी कळते? तुम्ही पार्टी घेऊन अंगणात उभे राहता तेव्हा.

माझ्या ओळखीच्या एका एजंटाबरोबर गुहागरकडे हेच झालं. पार्टी बायका-मुलांसकट आली होती. घराच्या मागून एक माणूस नारळ सोलायचं सोडून हातातल्या कोयत्यासकट तरातरा आला. त्याच्या मनात काय होतं देव जाणे, पण ओरडणारा माणूस आणि कोयता म्हटल्यावर मुलं रडायला लागली. वाडी जमली. एजंटाची कॉलर धरली गेली. गाडीची हवा सोडली. तिघं जण मध्ये पडले म्हणून हात उठला नाही. मालक मुंबईत बसून फोनवर "मी बघतो" एवढंच म्हणत होता.

मी नवीन घर यादीत घेतलं की पार्टीच्या आधी एकटी नव्हे, ओळखीचं कोणी बरोबर घेऊन, सकाळी एक फेरी मारते. शेजाऱ्याच्या ओटीवर बसते, पाणी मागते आणि सरळ सांगते की हे घर विकायला काढलंय, मी माणसं घेऊन येणार आहे. भांडण असेल तर ते तिथेच, पाण्याच्या तांब्यावर कळतं. भांडण असलेलं घर मी दाखवत नाही; मालकाला आधी वाटणी करून ये म्हणते. कमिशन बुडतं, पण तसं ते घर विकलं जाणारही नव्हतं. आणि एक फायदा: ज्या घरी पाणी प्यालात ती माणसं पुढे तुमच्यावर लक्ष ठेवतात. त्या आजी नसत्या तर, हे मी कधी विसरत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. ऑनलाइन जाहिरातीत "घर रिकामं आहे, कधीही बघा" लिहू नका. चोरालाही वाचता येतं. पार्टीला किल्ली देऊन "तुम्हीच बघून या" म्हणू नका. टोकनची रोख रक्कम घरावर घेऊ नका, ती ऑफिसात किंवा थेट मालकाच्या खात्यात. चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळं असतं, आणि परसातल्या विहिरीला कठडा असेलच असं नाही. मुलं बरोबर असतील तर आधी विहीर कुठे आहे ते सांगा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कौलं उडालेली कितीतरी घरं धड शाकारलेली नाहीत. वासे कुजलेत, माळ्याच्या फळ्या वाळवीने पोखरल्यात. फळीवर पाय देण्याआधी काठीने ठोकून आवाज ऐका.

आणि चपला घालून बंद घरात शिरू नका, हे मी सांगून सांगून थकले. बूट, बॅटरी, काठी. चिऱ्यांच्या ढिगात फुरसं असतं, अडगळीत घोणस असते, मण्यार रात्री घरात शिरून दिवसा फटीत पडून राहते. भिंतीच्या भेगेत लाल विंचू. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुळवल्यापासून विंचवाने माणसं दगावणं पुष्कळ कमी झालं, पण ते औषध वेळेवर पोटात गेलं तर. साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. पाय हलवू न देता 108 बोलवायची किंवा असेल त्या गाडीने निघायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते, पण ती प्रत्येक दवाखान्यात असतेच असं नाही. म्हणून घर यादीत घेतानाच, सकाळच्या त्या फेरीत, जवळच्या आरोग्य केंद्रात शिरून विचारते: लस आहे का, आणि रविवारी डॉक्टर असतात का. उत्तर त्या घराच्या फाइलवर पेनाने लिहिलेलं असतं, पोलीस पाटलांच्या नंबराखाली.