स्वप्नांकडून काम करून घ्यायचं असेल तर

स्वप्नात दात पडले म्हणजे अमुक, पाण्यात बुडालो म्हणजे तमुक, असे ठरीव अर्थ सांगणाऱ्या याद्या आधी बाजूला ठेवा. रोज पोहायला जाणाऱ्याच्या स्वप्नातलं पाणी वेगळं आणि लहानपणी बुडता बुडता वाचलेल्याचं वेगळं. अर्थ लावायला लागणारी माहिती ज्याचं स्वप्न त्याच्याचजवळ असते. ती बाहेर कशी काढायची आणि अडलेल्या कामाला कशी लावायची, ते इथे सांगते.

मी नाटकांचं नेपथ्य करते. दिवसभर डोक्यात दारं, भिंती, उंचवटे आणि उजेड. स्वप्नंही बरीचशी चित्रांतून आणि जागांमधूनच बोलतात, त्यामुळे मला या सवयीचा फार उपयोग झाला. पण त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही.

सुरुवात झोपेपासून करावी लागते. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या यूजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा नोंदवला. त्यात मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलत असतात. ही आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप. या टप्प्यात उठवलेली माणसं बहुधा ठसठशीत, गोष्टीसारखं स्वप्न सांगतात. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं आणि पहाट जवळ येते तसा त्यातला आरईएमचा वाटा वाढत जातो. म्हणजे आठ तासांची गरज असताना सहा तासांत उठलात, तर नेमका स्वप्नांचा भरघोस भाग बुडतो. रात्री दारू घेतली तर ही झोप आधी दबते. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांचाही तिच्यावर परिणाम होतो, पण स्वप्नांसाठी म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.

जाग आली की हलायचं नाही. कूस बदलायची नाही, फोनकडे हात न्यायचा नाही, आज काय काय करायचंय हे मनात आणायचं नाही. डोळे मिटूनच शेवटचं चित्र धरायचं आणि तिथून मागे मागे जायचं: याच्या आधी मी कुठे होते? सोबत कोण होतं? काहीच हाताला लागलं नाही, तर जाग येताना मन कसं होतं तेवढं पाहायचं. भीती, चडफड, हुरहुर, जे असेल ते. त्या भावनेला धरून राहिलं की कधी कधी अख्खं स्वप्न मागून येतं. नाहीच आलं तर तो एक शब्द लिहा. कोऱ्या पानापेक्षा तो बरा, कारण रोज लिहायचंच आहे हे ठरलं की काही दिवसांत आठवणं आपोआप वाढतं.

वही आणि पेन्सिल उशाशी हवी. फोनवर लिहायला गेलात की रात्री आलेले निरोप दिसतात आणि स्वप्न गेलंच म्हणून समजा. वर्तमानकाळात लिहा, तुटक लिहा, जोडून गोष्ट करू नका. आणि वाचता येईल असं लिहा. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला एका प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली. त्याने रात्रीच उठून ती खरडली आणि सकाळी त्याला स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री कल्पना पुन्हा आली, तेव्हा तो सरळ प्रयोगशाळेत गेला आणि बेडकांच्या हृदयांवर प्रयोग केला. मज्जातंतू रसायनांच्या मार्फत संदेश देतात हे त्यातून दिसलं आणि १९३६ साली त्याला नोबेल मिळालं. ती दुसरी रात्र प्रत्येकाला मिळेलच असं नाही.

स्वतःला ओळखण्यासाठी

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते: ‘लांब खोली. मावशी पाठमोरी, भांडी पुसतेय. मी काहीतरी विचारते, ती वळत नाही. दाराला कडी नाही. घशाला कोरड.’

पानाच्या उजव्या बाजूला मी एक रिकामी पट्टी सोडते. दुपारी तिथे प्रत्येक गोष्टीसमोर मनात पहिलं येईल ते लिहायचं. शहाणपणाचं नको, पहिलं. मावशीसमोर मी लिहिलं, ‘कुणालाच नाही म्हणत नाही.’ भांड्यांसमोर, ‘पाहुणे यायच्या आधीची गडबड.’ कडी नसलेल्या दारासमोर, ‘कुणीही केव्हाही आत.’ मग विचारायचं, गेल्या दोन-तीन दिवसांत असं कुठे वाटलं? मला शोधावं लागलं नाही. दोन दिग्दर्शक रात्री उशिरापर्यंत फोन करत होते आणि मी प्रत्येक फोन घेत होते. मला वाटत होतं की मी कामाने दमलेय. स्वप्नात मात्र काम कुठेच नव्हतं, होतं ते न लागणारं दार. त्या आठवड्यापासून मी रात्री आठनंतर फोन घेणं बंद केलं.

असा धागा लागला की तो ओळखू येतो, ‘हं, हेच’ असं आतून वाटतं. तसं वाटलं नाही तर ओढूनताणून अर्थ लावू नका, पान उलटा. स्वप्नांमधली भावना आणि पुन्हा पुन्हा येणारी जागा यांच्याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देते. कथानकाकडे फार नाही.

विश्वासातल्या कुणाला स्वप्न सांगणार असाल, तर मॉन्टेग्यू उलमन या मानसोपचारतज्ज्ञाने घालून दिलेला नियम पाळा. ऐकणाऱ्याने ‘तुला असं वाटतंय’ म्हणायचं नाही. ‘हे माझं स्वप्न असतं तर मला…’ अशी सुरुवात करायची. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते सांगणाऱ्याने ठरवायचं. आणि दुसऱ्या माणसाबद्दल स्वप्नाला साक्षीला आणू नका. जोडीदाराने फसवल्याचं स्वप्न पडलं, तर त्यातून तुमच्या मनातली धास्ती कळते. त्याने काय केलं ते कळत नाही.

अडलेल्या कामासाठी

मानसशास्त्रज्ञ डीअर्ड्रे बॅरेट यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक प्रश्न निवडून आठवडाभर झोपताना त्यावर मन लावायला सांगितलं होतं. साधारण निम्म्यांना त्या प्रश्नाशी संबंध असलेलं स्वप्न पडलं. मी तीच रीत वापरते.

आधी दिवसा त्या प्रश्नावर भरपूर डोकं खपवा. ज्याचा विचारच केला नाही त्याचं उत्तर झोपेत येत नाही. मग झोपण्यापूर्वी तो एका ओळीत लिहा. ‘माझ्या करिअरचं काय होणार’ असा पसरट प्रश्न चालत नाही. डोळ्यांसमोर उभा करता येईल असा हवा. दिवा मालवल्यावर ते चित्र पाहत पाहत झोपी जा आणि स्वतःला सांगा की याचं स्वप्न पाहायचंय.

एका नाटकात दोन शेजारची घरं होती. प्रवेश झपाझप बदलत होते आणि भिंत सरकवायला वेळच नव्हता. मी रंगमंचाचा आराखडा उशाशी ठेवला आणि लिहिलं, ‘दोन्ही घरं एकाच वेळी कशी दिसतील?’ पहिल्या रात्री काही नाही. नंतर एकदा स्वप्नात मी गच्चीवर, समोर दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या चादरी, पलीकडून कुणीतरी बोलतंय. मग एक हात येतो आणि चादर दोरीवरून सर्रकन बाजूला ओढतो.

सकाळी आधी चित्र काढलं. भिंत कापडाची असू शकते आणि ती नटाने बोलता बोलता सरकवायची, एवढंच स्वप्नाने दिलं होतं. चादर मध्येच अडकू नये म्हणून कड्या कोणत्या, मागून उजेड टाकला तर पलीकडच्या नटाची सावली नको तिथे पडते का, ओझ्याने दोरी किती झोळ धरते, हे सगळं तालमीच्या हॉलमध्ये करून पाहावं लागलं. पलीकडचा नट सावलीतून दिसायला तर हवा होता, पण जाड चादरीतून सावली दिसेना, म्हणून पातळ मलमल घेतलं. बेन्झिन या रसायनाच्या रचनेचं चित्र झोपेच्या गुंगीत दिसल्याची हकीकत सांगणाऱ्या केकुले या रसायनशास्त्रज्ञानेही १८९० सालच्या भाषणात हेच बजावलं होतं, की जागेपणी पारखल्याशिवाय स्वप्नं जाहीर करू नका.

घाईचं काम असेल तर दुपारची डुलकी वापरून पाहा. पॅरिसच्या संशोधकांनी २०२१ साली एक लपलेला नियम असलेली गणितं लोकांना सोडवायला दिली. मधल्या विश्रांतीत ज्यांना किमान १५ सेकंद पेंग लागली, त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना तो नियम सापडला, जाग्या राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. पेंगेच्या पुढच्या, जास्त खोल झोपेत गेलेल्यांना मात्र फायदा झाला नाही. म्हणून आरामखुर्चीत बसा, हातात न फुटणारी एखादी वस्तू धरा. डोळा लागला की ती पडते आणि तुम्ही जागे होता. त्या क्षणी डोक्यात जे होतं ते लगेच लिहा.

भयस्वप्नांबद्दल

एकच वाईट स्वप्न वारंवार पडत असेल, तर दिवसा ते लिहून काढा, पुढचा भाग तुम्हाला हवा तसा बदला आणि ही बदललेली गोष्ट रोज दहा-वीस मिनिटं मनात चालवा. मानसोपचारात ही पद्धत वापरली जाते. अशी स्वप्नं एकाहून जास्त असतील, तर सुरुवात सगळ्यात भयानक स्वप्नापासून करू नका, त्यातल्या त्यात सौम्य असेल ते घ्या. खऱ्या अपघाताची किंवा अत्याचाराची स्वप्नं येत असतील, तर हे एकट्याने करण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञाबरोबर करा. आणि झोपेत लाथा झाडणं, ओरडणं, पलंगावरून पडणं असं होत असेल तर वही राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.