कोच बसच्या स्टार्टिंग बॅटऱ्या बदलताय? आधी या चुका टाळा

लांब पल्ल्याच्या कोचच्या बॅटऱ्या लवकर बसायला लागल्या की बहुतेक जण कंपनी बदलतात. या कंपनीच्या टिकल्या नाहीत ना, मग आता ती घेऊ, त्या पण गेल्या की तिसरी. माझं स्पष्ट मत आहे की यात कंपनीचा दोष क्वचितच असतो, जुनी बॅटरी कशाने गेली हे कोणी बघत नाही आणि तोच आजार नव्या बॅटरीला लागतो. त्यामुळे दुकानात जाऊन काय मागायचं याच्या आधी गाडीत काय तपासायचं ते बघा, खरे पैसे तिथेच वाचतात.

न तपासताच बॅटरी बाद ठरवणं

सेल्फ (स्टार्टर मोटर) हळू फिरला किंवा नुसता टकटक करायला लागला म्हणजे बॅटरी गेलीच असं नाही. भराभर टकटक होत असेल तर व्होल्टेज कमी पडतंय, पण एकदाच जोरात टक होऊन सगळं गप्प होत असेल आणि लाईट फारसे मंद होत नसतील तर सोलेनॉइड (स्टार्टरचा चुंबकी स्विच), स्टार्टर नाहीतर केबलकडे आधी बघायला हवं.

पहिली गोष्ट, बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा आणि मग काही तास तशाच ठेवा. चार्जर काढल्या काढल्या मीटर लावला तर आकडा फुगलेला दिसतो आणि मेलेली बॅटरी पण ठणठणीत वाटते. आराम झाल्यावर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. साध्या ॲसिडवाल्या बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी आहे. झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिडचा दाटपणा) बघा, फुल चार्जला १.२६५ ते १.२८० च्या आसपास यायला पाहिजे, आणि एका सेलमध्ये दुसऱ्यापेक्षा ०.०५० हून जास्त फरक असेल तर ती बॅटरी खरंच कामातून गेली.

आता सेल्फ मारताना मोजा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर टेकवा, म्हणजे पोस्टवरच, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी पिन त्याच पोस्टला लावलेल्या क्लॅम्पवर, आणि कोणालातरी किल्ली फिरवायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर काय होतंय ते समजून घ्या, डिझेल इंजिन फिरवताना ५०० अँपिअर जात असतील तर त्या एका सांध्यावर २५० वॅट नुसती उष्णता होऊन जातेय, क्लॅम्पला हात लावला तर गरम लागेल. मग तशीच पिन बॅटरीच्या मायनस पोस्टपासून इंजिन ब्लॉकपर्यंत लावून बघा, कारण मागे इंजिन असलेल्या कोचमध्ये अर्थिंगची पट्टी पाणी, चिखल आणि गंज खात पडलेली असते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. सेल्फ मारताना चार्ज असलेल्या जोडीवर (१२ च्या दोन मिळून २४ व्होल्ट) २३ व्होल्ट टिकून राहतात आणि तरी इंजिन रेंगाळतंय, तर दोष केबलमध्ये किंवा स्टार्टरमध्ये आहे. व्होल्टेज १९ च्या खाली कोसळतंय तर मग बॅटरीवर संशय घ्या.

२४ व्होल्टच्या गाडीला १२ चा हिशोब

बहुतेक मोठे कोच २४ व्होल्टचे. १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, किंवा चार बॅटऱ्या, दोन-दोनच्या जोड्या करून पॅरलल. इथे एक घोळ सारखा होतो. सिरीजमध्ये व्होल्ट वाढतात, एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण) वाढत नाहीत. २०० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या तर २४ व्होल्टवर २०० एएचच मिळतात, ४०० नाही. सीसीएचं (कोल्ड क्रँकिंग अँप्स, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला किती करंट देते) पण तसंच. पॅरललमध्ये मात्र बेरीज होते. म्हणून चार बॅटऱ्यांच्या गाडीत कोणी "२४ व्होल्टच तर पाहिजेत, दोनात काम होतं" म्हणून त्याच साईजच्या दोनच बसवल्या तर करंट द्यायची ताकद सरळ अर्धी झाली, आणि हे उन्हाळ्यात कळतही नाही, पहिल्या कडक थंडीत कळतं.

एकच बॅटरी बदलणं

ही सगळ्यात कॉमन चूक आणि मी याबाबतीत अजिबात तडजोड करायला सांगणार नाही. सिरीजमध्ये दोन्ही बॅटऱ्यांतून तोच करंट जातो. एक नवीन एक जुनी असली की सेल्फ मारताना जुनी आधी कोसळते, आणि चार्जिंगच्या वेळी दोघी एका वेळी भरत नाहीत, अल्टरनेटरला फक्त एकूण २८ दिसतात, आत कोणाला किती मिळाले ते त्याला कळत नाही. म्हणजे एक कायम उपाशी आणि दुसरी कायम अति खाऊन. थोड्याच काळात नवीन पण जुनीसारखी होते. दोन असतील तर दोन्ही, चार असतील तर चारही, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, आणि जमलं तर एकाच महिन्यात बनलेल्या घ्या. जुन्यातली एखादी चांगली निघाली तर ती दुसऱ्या कुठल्यातरी कामाला वापरा, या सेटमध्ये नको.

मधूनच काढलेले १२ व्होल्ट

यावर जरा जास्त लिहितोय कारण "बॅटऱ्या टिकतच नाहीत" या तक्रारीमागे हे कारण खूपदा सापडतं आणि ते सहसा कोणाला सुचत नाही.

गाडीत नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम, मोबाईल चार्जिंग, कॅमेरे, वायफाय राऊटर, यातलं बरंच सामान १२ व्होल्टचं असतं. फिटिंग करणारा सोपा रस्ता काढतो, दोन बॅटऱ्यांना जोडणारी जी मधली केबल असते तिच्यावरून एक वायर घेतो, दुसरी बॉडीला अर्थ, झाले १२ व्होल्ट. चालतं पण. पण हा सगळा लोड फक्त अर्थ असलेल्या, म्हणजे खालच्या बॅटरीवर पडतो. ती रोज थोडी थोडी उतरत जाते. अल्टरनेटर दोघींवर मिळून समजा २८.२ व्होल्ट देतोय, तर मीटर लावल्यावर खालच्या बॅटरीवर १३.१ आणि वरच्यावर १५.१ असं काहीतरी दिसतं. १३.१ मध्ये ती कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट जमून कडक होतं. १५.१ मध्ये वरची उकळते, पाणी उडवते, अंगाला गरम लागते, टर्मिनलपाशी पांढरं-हिरवं साचतं. मग गॅरेजमध्ये सांगतात की खालची खराब झाली ती बदला, बदलली की पुन्हा तीच जागा, पुन्हा तीच बॅटरी.

तपासणं अगदी सोपं आहे. इंजिन चालू, थोडा रेस, सगळं सामान चालू, आणि दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. दोघींमध्ये अर्ध्या व्होल्टच्या वर फरक टिकून असेल तर मधून कोणीतरी वायर ओढलीय असं धरा आणि ती शोधा. उपाय दोनच, सगळं १२ व्होल्टचं सामान २४ ते १२ च्या कन्व्हर्टरवर घ्या किंवा बॅटरी इक्वलायझर (दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज सारखं ठेवणारा डबा) बसवा. काही कोचमध्ये इक्वलायझर कंपनीकडूनच असतो, पण तो कधीच जळून गेलेला असतो किंवा त्याचा फ्यूज उडालेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो. नवीन बॅटऱ्या घ्यायच्या आधी हा चालतोय का ते बघितलंच पाहिजे.

सीसीएचे आकडे तसेच्या तसे तुलनेला घेणं

लेबलवर ९०० लिहिलंय आणि दुसऱ्यावर १०००, म्हणून दुसरी भारी, असं नसतं. आधी स्टँडर्ड बघा. एसएई पद्धतीत उणे १८ अंशाला ३० सेकंद करंट काढतात आणि व्होल्टेज ७.२ च्या खाली जाता कामा नये, युरोपियन ईएन पद्धतीत तेच तापमान पण १० सेकंदांना ७.५ व्होल्ट बघतात. आणि नुसतं सीए (क्रँकिंग अँप्स) किंवा मरीन सीए लिहिलं असेल तर ते शून्य अंशाचं मोजमाप, त्यामुळे त्याच बॅटरीचा आकडा बराच मोठा दिसतो. एकाच स्टँडर्डचे आकडे शेजारी ठेवा, नाहीतर तुलना करूच नका. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय तो किमान धरा.

त्याच्यापेक्षा जास्त सीसीएने स्टार्टर जळतो हा गैरसमज आहे, स्टार्टर त्याला लागतो तेवढाच करंट ओढतो. पण फक्त सीसीएच्या मागे लागू नका. तेवढ्याच खोक्यात जास्त सीसीए काढायचा तर प्लेटा पातळ आणि जास्त कराव्या लागतात, आणि अशी बॅटरी गरम हवामानात, गचक्यांत आणि रोजच्या डिस्चार्जमध्ये कमी तग धरते. जिथे थंडी फार नाही तिथे मी थोडा कमी सीसीए पण जाड प्लेटांची, जास्त रिझर्व्ह कपॅसिटीची बॅटरी घेईन. रिझर्व्ह कपॅसिटी म्हणजे २५ अँपिअरचा लोड १०.५ व्होल्टपर्यंत किती मिनिटं चालतो ते, कोचसाठी हा आकडा फार कामाचा आहे कारण थांब्यावर इंजिन बंद असताना पण आतले लाईट, स्क्रीन, ब्लोअर चालूच असतात.

चुकीच्या प्रकारची बॅटरी

सोलर किंवा इन्व्हर्टरची डीप सायकल बॅटरी स्टार्टरला लावू नका, एएच कितीही असले तरी एकदम झटक्यात करंट द्यायला ती बनलेली नाही. उलटं पण तेच, शुद्ध स्टार्टिंग बॅटरी रोज अर्धी रिकामी केली तर ती फार दिवस साथ देत नाही. कॅरॅव्हॅनसारख्या कोचमध्ये घरगुती वापराच्या बॅटऱ्या वेगळ्या आणि स्टार्टिंगच्या वेगळ्याच ठेवा.

एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली सीलबंद बॅटरी) मला कोचसाठी चांगली वाटते, गचके सहन करते, सांडत नाही, पण इंजिनशेजारी खूप गरम जागा असेल तर तिचा उपयोग नाही. जेल घेणार असाल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आधी मोजा, जास्त व्होल्टेज तिला अजिबात सहन होत नाही आणि ती परत सुधारत नाही. लिथियम नुसती जागेवर उचलून बसवायची वस्तू नाही, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आणि चालत्या गाडीत तिच्या आतल्या सर्किटने अचानक कनेक्शन तोडलं तर अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक्सला झटका बसू शकतो.

बॅटऱ्या मागच्या एक्सलच्या मागे असतील तर व्हायब्रेशनची क्लास बघून घ्या, ईएन स्टँडर्डमध्ये व्ही१ ते व्ही४ असतात, आकडा मोठा तेवढी जास्त मजबूत.

साईज, टर्मिनल आणि ते वॉशर

ट्रेचं माप, उंची, प्लस-मायनस कुठल्या बाजूला, हे जुन्या बॅटरीचा फोटो काढून न्या. टर्मिनल उलट्या बाजूला आलं की केबल ताणून बसवतात आणि ती बॉडीला घासते, पुढचं सांगायला नको. गोल पोस्टमध्ये प्लस जाड आणि मायनस बारीक असतो, म्हणून मायनसचा क्लॅम्प प्लसवर ठोकून बसवायचा प्रकार करू नका.

स्टडवाल्या बॅटरीत एक बारीक चूक होते. लग (केबलच्या टोकाची भोकाची पट्टी) आणि शिशाच्या बैठकीच्या मध्ये वॉशर टाकतात. करंट शिशाच्या बैठकीतून थेट लगमध्ये जायला हवा, तो स्टड बहुतेक वेळा स्टेनलेसचा असतो आणि फक्त लग दाबून धरायला असतो. मध्ये स्टीलचा वॉशर आला की तिथेच व्होल्टेज पडतं. क्रम असा, बैठक, तिच्यावर लग, मग वॉशर, मग नट.

गोडाऊनमध्ये झोपलेली नवीन बॅटरी

बनवल्याची तारीख बघा आणि तिथेच मीटर लावा. १२.४ च्या खाली असेल तर घेऊ नका, किती महिने तशी पडून सल्फेट धरलाय कोणास ठाऊक. चांगली मिळाली तरी घरी आणून सगळ्या बॅटऱ्या एकेक करून फुल चार्ज करा आणि मगच जोडा, म्हणजे सगळ्या एका पातळीवरून सुरू होतात. अर्धवट भरलेली बॅटरी अल्टरनेटर भरेल या भरवशावर सोडू नका.

बसवताना

मायनस आधी काढा, शेवटी लावा. घड्याळ, अंगठी काढून ठेवा. मोठ्या बॅटऱ्या ६० किलोच्या आसपास असतात, एकट्याने उचलू नका. नव्या गाड्यांमध्ये किल्ली बंद केल्या केल्या कटऑफ स्विच पाडायचा नसतो, डीईएफ (धूर साफ करायला वापरतात ते युरियाचं द्रव) सिस्टीम पाईप रिकामे करत असते, बऱ्याच गाड्यांत त्यासाठी दिवा पण असतो, तो विझेपर्यंत थांबा. पॅरलल जोड्या असतील तर गाडीची प्लस केबल एका जोडीवर आणि मायनस दुसऱ्या जोडीवर घ्या, म्हणजे दोन्ही जोड्या सारख्या चार्ज होतात. बॅटरी दाबून धरणारा वरचा क्लॅम्प घट्ट आवळा, हलणाऱ्या बॅटरीच्या आत प्लेटा झडतात.

उभ्या गाडीत जाणारा करंट

एवढं करूनही तीन-चार दिवस उभी राहिल्यावर गाडी उठत नसेल तर बंद गाडीत किती करंट जातो ते मोजा. मायनस केबल काढून मध्ये अँमीटर लावा, आणि सगळे कंट्रोल युनिट झोपायला पुरेसा वेळ द्या, नाहीतर आकडा फसवतो. मीटर लागलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला १२ एएच गेले, म्हणजे २०० एएचचा सेट आठवड्याभरात अर्ध्याच्या जवळ येतो. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा खाली पडेल त्या लाईनवर चोर आहे, बहुतेक वेळा जीपीएस, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर किंवा डिकीतला न विझणारा दिवा निघतो. गाडी जास्त दिवस उभीच राहणार असेल तर २४ व्होल्टचा मेंटेनर (चार्ज टिकवून ठेवणारा चार्जर) लावा, आणि तो सगळ्या सेटच्या दोन टोकांना लावा, एका बॅटरीवर १२ चा चार्जर लावून ठेवला तर पुन्हा तोच कमी-जास्तचा खेळ सुरू होतो.