उपग्रह प्रतिमांवरून जलपर्णीचे मोजमाप : विद्यार्थी-संशोधकांसाठी मार्गदर्शन

मशीन लर्निंग आणि पर्यावरणशास्त्र यांची सांगड घालणारा प्रकल्प निवडताना विषय एका जलाशयापुरता आणि प्रश्न मोजता येईल असा ठेवावा. भीमा नदीवरील उजनी जलाशयाचे उदाहरण घेऊ. पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर पोसणारी जलपर्णी फेब्रुवारी ते मे या काळात फुगवट्याचे किती क्षेत्र व्यापते, हा प्रश्न एका वर्षाच्या प्रकल्पाला पुरेसा आहे.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात, दृश्य आणि निकट-अवरक्त (लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) पट्ट्यांत त्यांचा एक पिक्सेल १० मीटरचा असतो आणि दोन उपग्रह मिळून साधारण ५ दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात. जानेवारी २०२२ मध्ये या प्रतिमांच्या प्रक्रियेत बदल होऊन पिक्सेलांच्या मूल्यांमध्ये १००० ची भर पडली. त्याआधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा एकत्र वापरायच्या असतील, तर ही तफावत आधी दूर करावी, अन्यथा मॉडेल (म्हणजे नमुन्यांवरून प्रतिमेतील जलपर्णी ओळखायला शिकणारी संगणकीय प्रणाली) जलपर्णीऐवजी वर्ष ओळखायला शिकेल.

सर्वाधिक वेळ प्रत्यक्ष पाहणीला द्यावा, कारण मॉडेलची गुणवत्ता त्याला दिलेल्या नमुन्यांपलीकडे जात नाही. जलपर्णी वाऱ्याबरोबर सरकते. म्हणून उपग्रह ज्या दिवशी वरून जाणार असेल, त्याच दिवशी पाहणी करावी आणि मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असू शकते हे ध्यानात घेऊन किमान ३० मीटर रुंद, सलग पट्टेच नोंदवावेत. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवरील गाळपेर पिके, काठचा ऊस आणि पाण्यावरील हिरवे शेवाळ यांचेही नमुने आवर्जून घ्यावेत. निकट-अवरक्त प्रकाशात जलपर्णी वनस्पतीसारखीच चमकते, त्यामुळे केवळ पाण्याचा निर्देशांक (प्रकाशाच्या पट्ट्यांतील मूल्यांवरून पाणी ओळखणारे सूत्र) वापरल्यास जलपर्णीखालचे पाणी जमीन म्हणून मोजले जाते आणि जलाशय आटल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो.

मॉडेल म्हणून रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांच्या बहुमताने उत्तर देणारी पद्धत, पुरेसे आहे. थोड्या नमुन्यांवर खोल न्यूरल नेटवर्क (अनेक थरांचे, शिकायला पुष्कळ नमुने लागणारे मॉडेल) वापरण्याचा आग्रह धरू नये. खरी कसोटी नमुन्यांच्या विभागणीत आहे. एकाच पट्ट्यातील शेजारी पिक्सेल जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे ते यादृच्छिकपणे प्रशिक्षण आणि चाचणी यांत वाटले, तर मॉडेलला उत्तरपत्रिका आधीच दाखवल्यासारखे होते. त्याऐवजी जलाशयाचे भाग पाडून एक संपूर्ण भाग आणि शक्य असल्यास एक संपूर्ण तारीख चाचणीसाठी राखून ठेवावी. असे केल्याने अचूकतेचा आकडा बहुधा खाली येतो. तोच अहवालात द्यावा, कारण मॉडेल न पाहिलेल्या जागी कसे वागेल हे तोच सांगतो.

एकूण अचूकतेवरही विसंबू नये. जलपर्णीने ५ टक्केच क्षेत्र व्यापले असेल, तर सगळीकडे ‘जलपर्णी नाही’ म्हणणारे मॉडेलही ९५ टक्के अचूक ठरते. म्हणून मॉडेलने जलपर्णी म्हटलेल्या पिक्सेलांपैकी खरी किती आणि प्रत्यक्ष असलेल्या जलपर्णीपैकी सापडली किती, ही दोन प्रमाणे स्वतंत्रपणे द्यावीत, तसेच क्षेत्रफळ हेक्टरमध्ये देताना संभाव्य चुकीची मर्यादाही नोंदवावी.

पावसाळ्यातील ढगांमुळे हीच पद्धत जून ते सप्टेंबर या काळात अपुरी पडते. तेव्हा ढगांतून पाहू शकणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमा लागतात आणि त्यांच्यासाठी नमुने व चाचणी नव्याने करावी लागते.