हरणी की पाडस? बाण सोडण्याआधी वय कसं ओळखावं

हा लेख अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांबद्दल आहे. चितळाला किंवा भेकराला यातलं काहीही लावू नका. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे. इथे उलट परिस्थिती आहे. माद्यांची संख्या आवरली नाही तर जंगलात ओकचं रोपटं वर येत नाही आणि रस्त्यावर गाड्यांचे बोनेट चेपतात. म्हणून राज्य दरवर्षी विभागवार माद्यांचे परवाने काढतं.

हंटर एज्युकेशनचा कोर्स, परवाना, धनुष्याचा वेगळा परवाना, ३५ पाउंडांच्या वर ओढ असलेलं कंपाउंड धनुष्य, धारदार ब्रॉडहेड (बाणाचं रुंद पात्यांचं टोक) हे सगळं तुमच्याकडे आहे असं मी धरतो. मचाणावर हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) न लावता चढणाऱ्याने पुढचं वाचण्यात वेळ घालवू नये. बसायची जागा वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि ओकची फळं जिथे पडतात तिथून २० यार्डांत हवी. एवढं पुरे.

आता खरं काम. समोर आलेलं बिनशिंगी हरीण मोठी मादी आहे, की यंदाचं पाडस?

कायद्याला याने फरक पडत नाही. दोन्ही शिंगं ३ इंचांपेक्षा कमी असलेलं कुठलंही हरीण इथे मादीच्या परवान्यात बसतं. त्यात सहा महिन्यांचा नरही आला. त्याच्या कपाळावर कातडीखाली नुसते दोन उंचवटे असतात, म्हणून सगळे त्याला ‘बटन बक’ म्हणतात. तो मारलात तर दंड नाही, पण परवाना वाया गेला, मटण निम्मं मिळालं आणि ज्या मादीसाठी परवाना काढला होता ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जुळी घेऊन फिरणार.

माझ्याकडून हे शिकारीच्या तिसऱ्या वर्षी झालं. संध्याकाळची वेळ, धुकं, शेताच्या कडेला एकटं हरीण. मी मनात ‘एकशेवीस पाउंड, कमी नाही’ असं म्हटलं आणि बाण सोडला. जवळ गेलो तेव्हा ते एका हाताने ओढता आलं. पोट साफ केल्यावर ५२ पाउंड भरलं, आणि डोक्यावर बोट फिरवलं तर दोन गुठळ्या. लोणंदच्या बाजारात बोकडाच्या पाठीवर हात ठेवून किलोत वजन सांगणाऱ्या माणसांत मी वाढलो. त्या दिवशी समजलं की त्यांचं कसब हातात होतं, डोळ्यांत नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम एकच: एकट्या हरणाचा आकार बघायचाच नाही. शेजारी काही नसेल तर डोळा हमखास फसतो आणि नेहमी जास्तीकडेच फसतो. थंडीचे दाट केस, मावळता उजेड आणि तुमची धडधड मिळून वीस-तीस पाउंड सहज वाढवतात. आकाराऐवजी प्रमाण बघा.

पहिलं तोंड. पाडसाचं तोंड आखूड असतं, डोळ्यापासून नाकापर्यंतचं अंतर कमी, त्यामुळे कान चेहऱ्याला न शोभण्याइतके मोठे दिसतात. मोठ्या मादीचं तोंड लांबट असतं आणि तेच कान तिला बेताचे वाटतात. मला विचाराल तर बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. दुर्बीण शरीरावर नाही, तोंडावर लावा.

दुसरं धड. पाय सोडून फक्त धड बघितलं तर पाडसाचं जवळपास चौकोनी दिसतं आणि मान आखूड. मोठ्या मादीचं धड आडवं लांब, मान लांब आणि सडपातळ. दीड वर्षाची मादी मधली असते, पाय लांब आणि अंग भरलेलं नाही. फार म्हाताऱ्या मादीची पाठ आणि पोट दोन्ही खाली आलेली असतात. पण अडीच आणि साडेचार वर्षांतला फरक मचाणावरून सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

तिसरं टाळू. डोकं खाली घालून चरताना दोन कानांमधली जागा नीट बघा. मादीची गोलसर असते, बटन बकची सपाट.

चौथं वागणं. मोकळ्या जागेत सगळ्यात आधी बिनधास्त शिरणारं एकटं लहानसं हरीण बहुतेक वेळा बटन बक असतं. मोठी मादी कडेला थांबते, वारा घेते, पाय आपटते, तुमच्या झाडाकडे दोनदा बघते. म्हणून पहिल्याला सोडायचं आणि थांबायचं. दोन-तीन हरणं शेजारी आली की मोठं कोणतं हा प्रश्नच उरत नाही.

‘ठिपके गेले की मोठं समजायचं’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की राग येतो. पाडसाच्या अंगावरचे ठिपके साधारण सप्टेंबरमध्येच जातात. ऑक्टोबरात धनुष्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा सगळेच राखाडी-तपकिरी असतात. आणि झाडाच्या अगदी बुंध्याशी आलेल्या हरणाचा निकाल तर लावूच नका. वरून फक्त पाठ दिसते, छातीची खोली कळत नाही. ते १५-२० यार्डांवर असतानाच ठरवून टाका.

मी आणखी एक करतो. मचाणासमोरच्या एखाद्या ओंडक्याची किंवा जुन्या कुंपणाच्या खांबाची उंची दिवसा टेपने मोजून ठेवतो. मोठ्या मादीचा खांदा जमिनीपासून पावणेतीन-तीन फुटांवर असतो. हरीण त्या खांबाशेजारून गेलं की माप आपोआप मिळतं. तरीही शंका राहिली तर धनुष्य खाली.

बाण फक्त हरीण आडवं उभं असताना किंवा तिरकं आपल्यापासून दूर तोंड करून असताना सोडायचा. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. मग अर्धा तास जागेवरून हलायचं नाही. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, आणि हरीण जवळच पडलेलं असतं. हिरवट आणि घाण वासाचं असेल तर पोट लागलंय. तेव्हा सहा-आठ तास थांबा, नाहीतर ते उठून पुढच्या डोंगरावर जाईल. सापडलं की हलवण्याआधी कानाला परवान्याचा टॅग.

आता अंदाज पडताळायचा, कारण त्याशिवाय डोळा तयार होत नाही. आतडी काढून हरीण काट्यावर टांगा. येईल त्या वजनाला १.२८ने गुणलं की जिवंतपणीचं वजन जवळपास मिळतं. म्हणजे १०० पाउंड भरलं तर मादी १२८च्या आसपासची होती. माझं ते ५२ पाउंडांचं पाडस उभं असताना ६७ पाउंडांचं होतं, आणि मी त्याला एकशेवीसचं समजलो होतो! छातीच्या घेरावरून वजन सांगणाऱ्या टेपा मिळतात, पण त्या कुठल्या भागातल्या हरणांवरून केल्या ते बघून घ्या. फ्लोरिडाच्या बेटांवरची मोठी मादीही ४५ ते ६५ पाउंडांचीच असते.

वयासाठी दात. इथे आपली गावाकडची सवय दगा देते. बोकड किंवा बैल बघताना आपण पुढचे दात मोजतो: आदत (सगळे दुधाचे दात), दोन दाती, चार दाती, जुळलेला (सगळे दात बदललेला). या हरणाचे पुढचे दात साधारण वर्षाच्या आतच सगळे बदलून होतात. त्या हिशेबाने दीड वर्षाची मादीही ‘जुळलेली’ ठरते. मी पहिली दोन वर्षं असंच वय सांगत होतो आणि लोक मान डोलावत होते.

बघायच्या त्या खालच्या दाढा. एका बाजूला सहा पूर्ण नसतील तर यंदाचं पाडस. सहा असतील तर पुढून तिसरी बघा. ती तीन उंचवट्यांची, झिजलेली दुधाची दाढ असेल किंवा ती नुकतीच पडून खालून पांढरी दोन उंचवट्यांची येत असेल तर दीड वर्ष. दोन उंचवट्यांची पूर्ण आलेली असेल तर अडीच किंवा वर. त्यापुढचं वय झिजेवरून सांगतात, पण रेताड जमिनीत चरणाऱ्या हरणाचे दात लवकर झिजतात, तेव्हा मी ते अंदाज म्हणूनच लिहितो. नक्की हवं असेल तर पुढचा एक दात मुळासकट काढून प्रयोगशाळेला पाठवा. मुळावर झाडाच्या खोडासारखी वर्षाची कडी असतात, ती ते मोजतात.

सीडब्ल्यूडी या मेंदूच्या रोगाच्या पट्ट्यात शिकार केली असेल तर डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मटण शिजवू नका. तोवर ते फ्रीजरमध्ये राहू द्या आणि प्रत्येक पुडीवर तारखेसोबत वयही लिहा. दीड वर्षाच्या मादीची मांडी कुकरच्या चार शिट्ट्यांत मऊ होते. म्हाताऱ्या मादीची होत नाही. तिचा खिमाच करा.