'वारी' शोधताना 'जानेवारी' सापडते तेव्हा : वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत फाइल शोधण्याविषयी

मराठी वृत्तसंकेतस्थळावर नव्याने रुजू झालेल्या उपसंपादकाला बातमी कशी लिहावी आणि मथळा कसा द्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु बातमीला लागणारे जुने छायाचित्र हजारो फाइलींच्या साठ्यातून कसे काढावे, हे सहसा कोणी शिकवत नाही. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवरील संकेतस्थळांचे काम करताना या बाबतीत जे उमगले, ते नवोदितांसाठी येथे मांडत आहे. शोधाची चौकट अर्थ जाणत नाही, ती केवळ अक्षरे जुळवते, हे ध्यानात ठेवले तर पुढील बहुतेक गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

मीडिया लायब्ररीतील, म्हणजे अपलोड केलेल्या फाइलींच्या साठ्यातील, शोध छायाचित्राच्या आत काय दिसते ते पाहत नाही. तो फाइलीचे शीर्षक, फोटोओळ आणि वर्णन या मजकुरात, तसेच फाइलीच्या नावात आपण दिलेली अक्षरे आहेत का, एवढेच तपासतो. फाइलीच्या नावात शोधण्याची सोय डिसेंबर 2016 मध्ये आलेल्या 4.7 या आवृत्तीपासून आहे. शिवाय दिलेली अक्षरे शब्दाच्या आरंभी असोत, मध्ये असोत की शेवटी, त्याला फरक पडत नाही. त्यामुळे आषाढात 'वारी' एवढाच शब्द टाकून शोधणाऱ्याला पालखीच्या छायाचित्रांबरोबर फोटोओळीत 'रविवारी', 'सोमवारी' किंवा 'जानेवारी' असलेली प्रत्येक फाइल दिसते, आणि वृत्तसंस्थेच्या फोटोओळीत वाराचा उल्लेख जवळजवळ नेहमीच असतो. शोध बिघडल्याची तक्रार अशा वेळी तांत्रिक विभागाकडे जाते. वास्तविक शोधाने सांगितलेले काम चोख केलेले असते.

यावरचा उपाय म्हणजे एकाऐवजी दोन शब्द देणे. मधे जागा सोडून दिलेले शब्द वर्डप्रेस वेगवेगळे करते आणि ते सर्व ज्या फाइलीत आढळतील तेवढ्याच फाइली दाखवते. म्हणून 'आषाढ वारी' असे टाकल्यावर जानेवारीचा गोंधळ बराच कमी होतो. हीच गोष्ट जोडून लिहिल्या जाणाऱ्या नावांना लागू पडते. एखाद्याने फोटोओळीत 'दिवेघाट' असे सलग लिहिले असेल आणि दुसऱ्याने 'दिवे घाट' असे तोडून, तर 'दिवे घाट' असा शोध दोन्ही फाइली काढून देतो, पण 'दिवेघाट' असा शोध फक्त पहिलीच काढतो. तेव्हा शंका असेल तेथे तोडून शोधावे. नको असलेला शब्द वगळायचा असल्यास त्याच्या अगदी लगत आधी वजाचे चिन्ह द्यावे; 'पालखी -रिंगण' असे लिहिल्यास रिंगणाचा उल्लेख असलेल्या फाइली बाजूला होतात.

मराठीत खरी अडचण उभी राहते ती सामान्यरूपामुळे. 'पंढरपूर' या शब्दाला प्रत्यय लागला की 'पू' ऱ्हस्व होतो आणि फोटोओळीत 'पंढरपुरात', 'पंढरपुरातील' असे लिहिले जाते. 'पंढरपूर' शोधणाऱ्याला या फाइली दिसत नाहीत. कोल्हापूर, सोलापूर, नागपूर यांची गत तीच. 'पुणे' शोधल्यावर 'पुण्यात' आणि 'पुण्याच्या' निसटतात. म्हणून शब्द पूर्ण लिहिण्याऐवजी प्रत्यय लागल्यावरही न बदलणारा भाग द्यावा: 'पंढरप', 'कोल्हाप', 'पुण'. अपुरे शब्द लिहिताना शुद्धलेखनाचा कान असलेल्या माणसाला थोडे अवघडल्यासारखे होते, परंतु उपयोग पाहता ती सवय लावून घेणेच इष्ट. 'वारकऱ्यांचा', 'पायऱ्या' अशा शब्दांतील अर्धा र निरनिराळ्या कळफलकांवरून दोन प्रकारे टंकित होतो आणि पडद्यावर सारखा दिसला तरी संगणकाच्या लेखी तो वेगळा असू शकतो. अशा शब्दाचाही 'वारक' एवढाच निर्धोक भाग शोधलेला बरा.

बदललेल्या स्थळनामांचीही येथेच आठवण ठेवावी लागते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हे नामांतर 2023 मध्ये, तर अहमदनगरचे अहिल्यानगर हे 2024 मध्ये अधिकृत झाले, पण त्यापूर्वी अपलोड केलेल्या फाइलींवरील फोटोओळी जुन्या नावाच्याच राहिल्या आहेत. त्यामुळे या तिन्ही ठिकाणांसाठी दोनदा शोधावे लागते. केवळ 'नगर' शोधून दोन्ही काळ एकदम साधण्याचा मोह आवरावा, कारण त्यात साऱ्या महाराष्ट्रातील नगरपालिका आणि नगरसेवक येऊन बसतात.

अक्षरांच्या शोधाने जे आवरत नाही, ते फिल्टर आवरते. फाइलीचा प्रकार निवडून प्रतिमा, ध्वनी, चित्रफिती आणि दस्तऐवज वेगळे करता येतात; त्यापेक्षा उपयोगाचा आहे तो महिन्याचा फिल्टर. मात्र हा महिना फाइल अपलोड केल्याचा असतो, छायाचित्र टिपल्याचा नव्हे. एखाद्या ज्येष्ठ छायाचित्रकाराचे 1993 च्या किल्लारी भूकंपाचे छायाचित्र गेल्या महिन्यात कोणी स्कॅन करून चढवले असेल, तर ते गेल्या महिन्यातच सापडेल. शोध आणि फिल्टर एकत्र वापरता येतात, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही: आधी महिना निवडावा आणि मग शब्द टाकावा. फाइली लहान चौकटींत दाखवणाऱ्या मांडणीत 2021 च्या 5.8 आवृत्तीपासून पुढील फाइली बटण दाबल्यावरच दिसतात, त्यामुळे ब्राउझरच्या स्वतःच्या शोधावर विसंबू नये. तो पडद्यावर आलेल्या फाइलींपुरताच पाहतो. कोणी अपलोड केले आणि कोणत्या लेखाशी जोडले, हे शोधाइतकेच महत्त्वाचे असेल तेव्हा यादीची मांडणी घ्यावी.

अर्थात शोधण्याजोगा मजकूर फाइलीजवळ असला पाहिजे, आणि तो घालण्याची वेळ अपलोडचीच असते. काही लिहिले नाही, तर शीर्षक म्हणून बहुधा फाइलीचेच नाव लागते. कॅमेऱ्याने किंवा व्हॉट्सॲपने दिलेले क्रमांकांचे नाव पुढे कोणीही शोधणार नाही. छायाचित्रकाराने फाइलीतच शीर्षक आणि ओळ भरून पाठवली असेल, तर वर्डप्रेस ती वाचून घेते, म्हणून वार्ताहरांना ही सवय लावण्याचा आग्रह धरावा. माझ्या मते फाइलीचे नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवावे, तर शीर्षक आणि फोटोओळ देवनागरीत लिहावी. देवनागरी नाव चालत नाही असे नाही, पण पत्त्यात त्याच्या प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात आणि दुवा कोणाला पाठवताना त्याचा माग लागत नाही. फोटोओळीत व्यक्तीचे पूर्ण नाव, ठिकाण आणि वर्ष या तीन गोष्टी असल्या की पुढच्या माणसाचे काम भागते. मूळ वर्डप्रेसमध्ये फोल्डरची सोय नाही; ती प्लगइनने, म्हणजे वरून जोडायच्या पूरक प्रोग्रामने, मिळते. प्लगइन बसवण्याचा निर्णय नवोदिताच्या हातात नसतो आणि फोटोओळी नीट असतील तर त्याची निकडही फारशी भासत नाही.

आता 'न जोडलेल्या' फाइलींच्या फिल्टरविषयी, कारण नव्या माणसाला साफसफाईचे काम सोपवताना बहुधा हाच फिल्टर दाखवला जातो. फाइल लेखाच्या संपादकातून अपलोड केली तर ती त्या लेखाशी जोडली जाते. मीडिया लायब्ररीतून थेट अपलोड केली तर ती कोणाशीच जोडलेली नसते. ही नोंद फाइल कोठून आली एवढेच सांगते, ती आज कोठे वापरली जात आहे ते सांगत नाही. पुढे कोणी तीच फाइल पानाच्या माथ्यावर किंवा एखाद्या लेखाची मुख्य प्रतिमा म्हणून लावली, तरी ती 'न जोडलेली' राहू शकते. माध्यमांसाठी कचरापेटी मुद्दाम सुरू केलेली नसेल, तर खोडलेली फाइल परत मिळत नाही.

म्हणून खोडण्यापूर्वी फाइलीचे नाव घेऊन लेखांच्या यादीतील शोधात टाकावे. तो शोध लेखाच्या मजकुरात पाहतो आणि मजकुरात चित्राचा पत्ता असतो. नाव टाकताना शेवटचा विस्तार (टिंबानंतरची 'jpg' यांसारखी अक्षरे) वगळावा, तसेच मोठ्या छायाचित्राच्या नावाला वर्डप्रेसने जोडलेला 'स्केल्ड' (-scaled) हा शब्दही वगळावा, कारण लेखात बहुधा मोजमाप जोडलेली लहान प्रत लावलेली असते आणि तिच्या नावात तो शब्द नसतो. मुख्य प्रतिमा मात्र या मार्गाने सापडत नाही, कारण तेथे चित्राचा पत्ता नव्हे, केवळ त्याचा क्रमांक साठवलेला असतो; ती तपासणी डेटाबेस पाहू शकणाऱ्या सहकाऱ्याकडून करून घ्यावी आणि त्याचे उत्तर येईपर्यंत फाइल जागच्या जागी ठेवावी.